टाकीतला राखणा

ही २०४३ सालची गोष्ट. देवबागच्या किनाऱ्यावर एकेकाळी रापण ओढायला अख्खी वाडी उतरायची आणि जाळं वर आलं की सरंगे, म्हणजे पापलेटं, चांदीच्या ताटांसारखे चमकायचे. ते सांगणारी माणसं तेव्हा हयात होती. सरंगा मात्र समुद्रातून नाहीसा झाला होता. उरलेसुरले सरंगे मत्स्यकेंद्राच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत होते. त्यांची पिल्लं वाढवून दर्यात सोडायची, या एका आशेवर वाडीने होड्या विकल्या नव्हत्या.

त्याच टाकीत कीड शिरली. मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके माशांच्या अंगावर उठले. मासे कडांना अंग घासू लागले, कल्ले धापा टाकू लागले. तांब्याचं औषध खात्रीचं होतं, पण खंगलेल्या सरंग्यांना ते सोसलं नसतं.

"उल्के, तुझो तो जंतू सोड मगे," उल्काचा भाऊ वासू म्हणाला. "कित्याक राखून ठेवलंस? माझी होडी कुसल्यावर सोडतलंस?"

डॉ. उल्का खोबरेकरने प्रयोगशाळेत घडवलेल्या त्या सूक्ष्मजीवाला केंद्रात 'राखणा' म्हणत. कीड माशावरून गळून तळाशी जाते, फुटते आणि तिची पिल्लं नवा मासा शोधत पोहतात. राखणा त्या पिल्लांना गिळायचा. तो मोकाट सुटू नये म्हणून उल्काने एक कुलूप घातलं होतं. एका ठरावीक द्रव्यावाचून तो जगूच शकत नव्हता, आणि ते द्रव्य बाटलीतून टाकीत थेंबथेंब पडायचं. बाटली बंद केली की राखणा संपला.

तिने राखणा सोडला. अगदीच खंगलेले मासे मेले, बाकीच्यांची कातडी पुन्हा लखलखली. मेलेले मासे केंद्राच्या भट्टीत जाळायचा नियम होता. ते काम टाकीवर राबणाऱ्या भागीरथीकडे, उल्काच्या आईकडे होतं.

थंडीत सरंग्यांनी अंडी घातली. वासूने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी टाकीत एकही अंडं नव्हतं.

उल्काने बाटली बंद केली. राखणा मेला नाही. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली तो टरटरून फुगलेला दिसला. तेच द्रव्य माशांच्या अंड्यांच्या कवचातही होतं, आणि कुलपाची किल्ली त्याला तिथे सापडली होती.

निदान टाकीतच आहे, असं ती मनाशी म्हणाली. मग तिला मेलेले मासे आठवले; त्यांच्या अंगावरही राखणा होता.

"आये, ते मेलेले मासे जाळलंस मां?"

"जाळूक ती काय लाकडां?" भागीरथी हसली. "हळद-कुंकू लावन दर्याक दिलंय."

"सगळे?"

"सगळे गो. खाऊक नाय तो मासो आपल्या घरात मातयेर टाकणत नाय. शिकलंस म्हणान विसारलंस?"

उल्का विसरली नव्हती. लहानपणी तिनेही असे मासे ओंजळीतून लाटेत सोडले होते. आईला भट्टीचं काम देताना तिच्या मनात शंका आली होती. ती तिने विचारली नव्हती.

पुढच्या हंगामात बांगडे आले ते आरशासारखे स्वच्छ. गिऱ्हाइकं खूश झाली. जाळ्यात बोटाएवढा मासा मात्र दिसेना. त्यानंतरच्या हंगामात मोठेही दिसेनासे झाले.

वासूने होडी एका हॉटेलवाल्याला दिली. त्याने तिच्यात फुलझाडं लावली. वासू तिथेच पहारा करतो. भागीरथीला कुणी बोल लावला नाही, पण वारेपर्यंत ती किनाऱ्यावर गेली नाही. टाकीतले सरंगे म्हातारे होऊन एकेक करून गेले. केंद्र बंद पडलं तरी उल्का दर्याचं पाणी आणून काचेखाली धरत राहिली.

परवा तिला एक अंडं दिसलं. राखणे त्याला चिकटलेले होते, आणि सगळे मेलेले होते. आत डोळ्याचा काळा ठिपका हलत होता.

कवच चिरून तपासलं तर राखण्याला मारणारं काहीतरी हाती लागेल. फुटू दिलं तर एवढ्या मोठ्या दर्यात एक पिल्लू पोहेल. उल्काने सुई उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?