तिसरा रोध

चंद्रावरच्या त्या विवरात कधीच ऊन पोचत नाही. नेमकी तिथेच चांद्रगाडी कलंडली आणि तिची मुख्य वीज गेली. आत अडकलेल्या तिघांकडे उरलं काय, तर एक राखीव बॅटरी, तीन तापकवचं आणि शर्वाणी तांडेलचं डोकं!

तापकवच म्हणजे आतून तारांची जाळी विणलेला अंतराळपोशाख. जाळीतून विद्युतधारा वाहते, तारा तिला रोध करतात आणि त्या झटापटीतून ऊब निघते. बाहेर उणे दोनशे अंश. धारा थांबली की माणूस तासाभरात संपला.

शर्वाणी सव्वीस वर्षांची विद्युत-अभियंता. तिने तिन्ही कवचं एकामागे एक, एकाच वाटेत ओवली.

"अगं, ही कसली दिवाळीची माळ?" गाडी चालवणारी रेहाना शिकलगार शिरोकवचातल्या रेडिओवरून म्हणाली. ती सांगलीची, मरणाच्या दारातही चेष्टा करणारी. "प्रत्येकाला वेगळी तार दे की. मला पाय गरम हवेत बाई!"

"ती झाली समांतर जोडणी. त्यात प्रत्येकाला बॅटरीचा पूर्ण जोर मिळतो, आणि बॅटरी दीड तासात ठणठणीत रिकामी! ही एकसर जोडणी. तिन्ही रोध एकाच रांगेत, म्हणून त्यांची बेरीज होते. धारा कमी, ऊब जेमतेम, पण बॅटरी बारा तास पुरेल. आणि ती मध्ये बंदही करायची नाही. या थंडीत एकदा थांबली की गोठलीच."

खडकतज्ज्ञ अनंता केणी, म्हणजे सगळ्यांचे केणीकाका, शाळकरी पोरासारखे ऐकत होते. वय एकसष्ट. तळावर रिवाज होता, मोहिमेतल्या सर्वांत वडील माणसाने वाढायचं आणि शेवटी जेवायचं. काका तो असा पाळायचे, की गुळपोळीचा तुकडा त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेला कुणी पाहिलाच नव्हता.

"शर्वाणी, समजा माळेतून एकाला गाळलं तर?"

"तार तुटली तर तिघंही गार, काका. पण त्याच्या कवचाची दोन टोकं उघड्या तारेने एकमेकांना जोडली, तर धारा त्याला वगळून पुढे जाते."

"आणि त्याची ऊब बाकीच्या दोघांना?"

"अगदी बरोबर! दोघांची ऊब दुपटीहून जास्त होते. पूर्ण गुण, काका! पण..."

"तळाचा निरोप आला!" रेहाना ओरडली. "अकरा तासांत बचावगाडी पोचतेय! अकरा!"

तिघं इतके हसले, की शिरोकवचांच्या काचा धुरकटल्या. शर्वाणीचा 'पण' तिथेच राहून गेला.

दोन तासांनी दोघींचे दात कडकड वाजू लागले, तेव्हा काका म्हणाले, "मी जरा डुलकी काढतो. माझा रेडिओ बंद. तुम्ही पोरी बडबडत बसा." आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

चौथा तास सरत आला तेव्हा रेहाना गुणगुणायला लागली. "शर्वे, तुझी माळ भारीच गं! माझ्या पायांना घाम येतोय!"

शर्वाणीलाही उबदार वाटत होतं. क्षणभर तिला स्वतःचा अभिमान वाटला. पण... ऊब वाढली? रोध कधी आपोआप कमी होत नाहीत. तिने धारेचा आकडा पाहिला. दीडपट. बरोबर दीडपट. तिनातला एक रोध गेला की होते तेवढी.

तिने काकांना आपल्याकडे वळवलं. नाडीबरोबर लुकलुकणारा छातीवरचा दिवा विझलेला होता. कवचाच्या दोन टोकांवर तांब्याची तार नीट, घट्ट पिळलेली होती. खडकांचे नमुने बांधायची तार.

रेहानाने त्या तारेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "स्वतःचा वाटा आपल्याला देऊन गेले गं..."

"नाही!" शर्वाणीचा आवाज फाटला. "ही भाकरी नाही, रेहाना! एक जण ताटावरून उठला म्हणून उरलेल्यांना जास्त दिवस पुरायला! रोध कमी झाला, धारा वाढली, बॅटरी दीडपट वेगाने रिती झाली. दोन तासांत तीन तासांची वीज गेली. हे असंच चालू राहिलं तर पाच तासांहून कमी उरलेत. आणि गाडी यायला सात."

"मग?"

शर्वाणीने ती तार सोडवायला घेतली.

"काय करतेयस? मेलेल्या माणसाला ऊब देणार?"

"द्यावीच लागेल. दुसरा रोध नाहीये आपल्याकडे. त्यांचं कवच माळेत परत आलं तरच धारा उतरेल. मग बरोबर सात तास मिळतात." तिने शेवटचा पीळ सोडवला. "ते नुसते पडून राहिले असते ना, तर आठ मिळाले असते. मी ते वाक्य पुरं करायला हवं होतं."

तार सुटली. धारा उतरली. थंडी बोटांच्या टोकांपासून पुन्हा आत चढू लागली. दोघी काकांना मध्ये घेऊन बसल्या, कारण तारा तेवढ्याच लांब होत्या.

काकांच्या मनगटावरचा कवचाच्या तापमानाचा आकडा मात्र हळूहळू वर सरकत होता. बऱ्याच वेळाने तो थांबला. शर्वाणीने तिन्ही मनगटं पाहिली. तिन्हींवर एकच आकडा होता.

केणीकाकांना पहिल्यांदाच सगळ्यांइतका वाटा मिळत होता.