वनाचं पथ्य

१९९६ सालचा श्रावण. कानबाई देवीचा रविवार म्हणून धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घरी पहाटेपासून धांदल होती. पोथी वाचून, तुळशीला पाणी घालून मी रोटांना, नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, बसले. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं माणशी सव्वा मूठ गहू काढतात, आणि माणशी एकच रोट होतो. गेलेल्याची मूठ काढत नाहीत. लेकीचं मूल तिच्या सासरच्या कानबाईत धरतात.

लेक भारती मेहरूणहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. हसत होती, पण कान शेजारच्या अन्वरभाऊंच्या फोनकडे. मुंबईच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं.

तिचा धाकटा भाऊ वना नऊ वर्षांचा असताना वारला. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं होतं. पेशीत बारीक पिशव्या असतात, त्यांच्या पडद्यात एक प्रथिन दारवानासारखं उभं असतं, चरबीला जाळायला आत नेतं. वनाचा ते घडवणारा जनुकच बिघडलेला. चरबी डोक्यात साचत गेली. दोष आईकडून येतो, भोगतात मुलगे. माझ्यातून भारतीत उतरला असेल, तर तिच्या मुलालाही धोका होता.

वनाला तेल-तूप बंद होतं. चुकून कुणी वाढलं तर बोटांनी ताटाच्या कडेला सारायचा. "आई, मला चालत नाही ना." तेव्हापासून मीही तूप सोडलं.

जेठ तोताराम नाना, आमचे हे आणि दोन पुतणे फुलं-केळी आणायला बाजारात गेले होते. चौघांचे चार रोट. झुंबरअक्का, माझी थोरली जाऊ, तव्यावरून काढत गेली आणि थबकली.

"कुंदा, हाऊ पाचवा कोना शे वो?"

"पीठ उरलं असेल, अक्का."

"तुनी मूठच मोठी! तरीच तुना नवरा जाड शे."

भारती पोट धरून हसली. मीही हसले. पीठ मीच मळलं होतं. चार गोळे मीच केले होते.

अक्का सगळ्यांवर तूप सोडू लागली. चार रोटांत ते मुरलं. पाचव्यावरून निथळून ताटात गेलं. अक्कानं पुन्हा चमचाभर सोडलं. पुन्हा निथळलं.

"हाऊ ते तूप पेतच नई!"

"जास्त भाजला असेल," मी म्हणाले. ताट कानबाईपुढे ठेवलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अन्वरभाऊ ओरडले, "वैनी, मुंबईचा फोन! पळा!"

तिघी पळालो. दाराला कडी मी घातली.

भारतीनं फोन घेतला. ऐकता ऐकता तिथंच खाली बसली. "आई, माझ्यात तो दोष नाही. बाळाला काही नाही!"

अक्का रडायला लागली. अन्वरभाऊंच्या सितारानं आमच्या तोंडात साखर घातली. किती वेळ आम्ही हसत होतो कोण जाणे.

परतलो. कडी तशीच होती.

कानबाईपुढे ताटात चार रोट होते.

पाचव्याच्या जागी थोडा चुरा.

तूप तसंच होतं. बोटांनी ताटाच्या कडेला सारलेलं.

बोटं लहान होती.