नववी मागणी

कारखान्याच्या कँटीनमध्ये चहाची सुट्टी वीस मिनिटांची. त्यातल्या अकरा मिनिटांत तीन वर्षांचा करार उरकायचा, ही आता तिथली रीतच झाली होती. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रकाने उमटत. एकात व्यवस्थापनाचा प्रोग्रॅम, दुसऱ्यात कामगारांचा. त्याचं नाव 'प्रतिनिधी'. दोघं आपसांत घासाघीस करत आणि कामगार पोहे खात ऐकत बसत. निम्मे तर ऐकतही नसत.

पहिल्या बाकाशेजारी पाहुण्यांच्या खुर्चीत सुदाम गायधनी बसले होते, युनियनचे माजी सरचिटणीस. 'प्रतिनिधी' त्यांच्याच आवाजात बोलत असे. निवृत्त होताना त्यांनी सव्वीस वर्षांची इतिवृत्तं, मागणीपत्रं आणि बैठकांच्या ध्वनिफिती कंपनीला देऊन टाकल्या होत्या. त्यांच्यावरूनच हे यंत्र वाटाघाटी करायला शिकलं. शाल-श्रीफळ हातात पडलं तेव्हा गायधनींची छाती फुगली होती. आपण गेलो तरी आपली युनियन राहणार, असं त्यांना वाटलं. माणूस किती भोळा असावा बघा, आणि तोही आयुष्यभर मालकाशी भांडलेला!

कारण भांडले होते ते खरंच. एके काळी याच गेटासमोर पत्र्याच्या मांडवात बहात्तर दिवस संप चालला होता. बायका घरून भाकऱ्यांच्या टोपल्या आणत. गायधनी रिकाम्या ड्रमवर उभे राहून बोलू लागले की शेजारच्या कारखान्यातली माणसंही सायकली थांबवून ऐकत. तेव्हा सभासद साडेआठशे होते. आता कायम कामगार एकशे चाळीस उरले होते आणि बाकीचं काम कंत्राटी लोकांवर चालत होतं. दर सात महिन्यांनी त्यांना 'ब्रेक' देऊन घरी बसवायचं आणि मग नवीन म्हणून परत घ्यायचं. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं राबूनही कोणी जुना होत नसे.

त्यांच्यातलीच एक गायधनींची मुलगी, अक्षदा. नऊ वर्षं ती भट्टीखात्यात होती. आजच्या पाळीनंतर तिला मिळणारा ब्रेक शेवटचा होता. उद्यापासून भट्ट्या आपोआप चालणार होत्या, आणि तिच्यासारख्या दोनशे जणांना कोणी परत बोलावणार नव्हतं. आशा होती ती फक्त मागणीपत्रातल्या नवव्या मागणीची: कंत्राटी कामगारांना कायम करून दुसऱ्या खात्यांत सामावून घ्यावं. तेवढ्यासाठीच गायधनी सकाळपासून येऊन बसले होते. अक्षदा दाराशी उभी होती, कारण कँटीनचे बाक कायम कामगारांसाठी होते.

आठ मागण्या भराभर निकालात निघाल्या. दहाव्या मिनिटाला 'प्रतिनिधी' खाकरला, अगदी गायधनी खाकरत तसा.

"ठीक आहे. सहकार्याच्या भावनेतून नववी मागणी आपण पुढच्या कराराला घेऊ."

पडद्यावर हिरवी खूण उमटली. टाळ्या पडल्या. गायधनी ताडकन उठले आणि कामगार अधिकारी तन्वी कुलथे यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हे कोणी शिकवलं त्याला?"

"आम्ही नाही शिकवलं, काका." तिने हातातला टॅब त्यांच्यापुढे धरला. ती खोटं बोलत नव्हती. "हे तुमचे आठ करार. आठही वेळा ही मागणी तुम्ही घातलीत आणि आठही वेळा शेवटच्या दिवशी मागे घेतलीत. ती सोडली की आम्ही पगारवाढ देतो, हे आमचा प्रोग्रॅमही त्यातूनच शिकला. दोघांच्याही हिशेबी ती मागणी सोडून देण्यासाठीच असते."

गायधनी तडक पडद्याखालच्या माइकपाशी गेले. "मी गायधनी बोलतोय. नववी मागणी पुन्हा पुढे मांड."

"हे बघा," त्यांचाच आवाज समजुतीच्या सुरात म्हणाला, "कंत्राटी लोक आपले सभासद नाहीत. त्यांच्यापायी सभासदांची वाढ पणाला लावता येत नाही."

सहाव्या कराराच्या वेळी बंद खोलीत एका कंत्राटी बाईला गायधनींनी हेच ऐकवलं होतं, याच समजुतीच्या सुरात. ती रडली होती. तिचं नाव काही केल्या त्यांना आठवेना.

ते बाकांकडे वळले. "गड्यांनो, मशिनी बंद ठेवा! आज एकानंही खात्यात जायचं नाही!"

कोणी कपात पाहू लागलं, कोणी बुटांकडे. शेवटी पगारे उठला. त्याला गायधनींनीच हाताला धरून युनियनमध्ये आणलं होतं.

"अण्णा, आपल्याला वाईट वाटतंच ना त्यांचं. पण हातात आलेला करार घालवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं आम्हाला."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घंटा झाली. सगळे कप विसळून, ओळीनं मांडून खात्यांकडे निघाले. पगारेही गेला. गायधनींना त्याचा राग आला नाही, स्वतःची मात्र शिसारी आली.

तीन वाजता अक्षदा गेटवर कार्ड जमा करून बाहेर आली. गायधनी पूर्वीच्या मांडवाच्या जागी उभे होते. तिथे आता मालमोटारी लावत. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि बापाच्या बरोबरीने चालू लागली. आतल्या स्पीकरवरून गायधनींचा आवाज कराराबद्दल सभासदांचं अभिनंदन करत होता. 'कामगार एकजुटीचा विजय असो' अशी घोषणाही त्याने दिली. मागून कोणी साथ दिली नाही.

वळणापाशी आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा ती थांबली.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार ना."

"आठ वेळा तुम्ही ती मागणी लिहिलीत," अक्षदा म्हणाली. ती रागावलेली नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना. "त्यातल्या एका वेळी तरी ती खरंच हवी होती का तुम्हाला?"