दाराजवळची खुर्ची

सभागृहात दोनशे सहा खुर्च्या होत्या. दारं तीन, त्यांतलं एक कुलूपबंद. रस्त्याकडच्या भिंतीला सहा उंच खिडक्या, प्रत्येकीत आठ काचा — म्हणजे अठ्ठेचाळीस. रुलाने काचा दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा सत्तेचाळीस आल्या होत्या. मग तिने रंगमंचापासून सगळ्यात लांबचं दार हेरलं. त्या दाराला लागून एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर एक तरुण बसला होता.

"ही खुर्ची मला द्याल?"

त्याने वर पाहिलं. तपकिरी दाढी, दोन बोटांना चिकटपट्ट्या. "इथून ऑर्गनवाला दिसतसुद्धा नाही. पुढे छान जागा आहेत."

"मला इथेच हवीये."

"मलाही."

"तुम्ही आधी आलात म्हणून का?"

"छे, देखणा आहे म्हणून."

रुलाला हसू आलं, पण नजर दाराच्या कडीवर गेली... आणि ते त्याने पाहिलं. तो उठला, आपली खुर्ची सरकवली आणि पुढच्या रांगेतली एक खुर्ची उचलून आणून आपल्या खुर्चीच्या नि दाराच्या मधोमध ठेवली.

"घ्या, दार तुमचं. पळायची वेळ आली तर मला तुडवू नका म्हणजे झालं. मी मक्रम."

"रुला."

बैरुतचं बंदर स्फोटात उडालं त्या चार ऑगस्टपासून रुला एकही मैफल शेवटपर्यंत ऐकू शकली नव्हती. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अर्ध्यातून उठून जिन्यात जाऊन बसली. कॉलेजात ती आज वाजवणाऱ्या याच बँडच्या वीस-वीस मिनिटांच्या रचना कागदावर मात्रा मांडून सोडवायची, गणितासारख्या. आता ड्रमचा पहिला ठोका पडला की नजर दार शोधायची. आणि हे चौघे येत्या गुरुवारी देश सोडून चालले होते, दोघे माँट्रियलला, दोघे ल्यॉंला. बैरुतमधला हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. आज उठून गेली, तर हे संगीत समोर बसून ऐकणं तिच्यासाठी संपलं होतं.

"काचा मोजत होतात ना?" मक्रमने विचारलं.

"...अठ्ठेचाळीस."

"बरोबर. मीच बसवल्यात. दोन वर्षं झाली, या शहरात काच सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही मी." त्याने चिकटपट्ट्या दाखवल्या. "ऑर्गनचा खर्ज लागला की त्या गुणगुणतील. गुणगुणली तर काच पक्की. खडखडली तर कारागीर गाढव."

"आणि खडखडली तर?"

"तर माझं नाव कुणाला सांगू नका."

साडेपाचला, बाहेर हिवाळ्याचा अंधार पडल्यावर, सुरुवात झाली. पहिल्याच सुरावर रुलाने खुर्चीची कड पकडली. गिटारवाल्याची बोटं दिसत नव्हती, इतकी वेगात होती. ऑर्गन त्यांच्याशी पाठशिवणी खेळत होता. आणि मागे हागोप, तो किडकिडीत ड्रमवाला, दोघांच्या खाली सात-सात-पाचची वीण घालत होता, जणू ते जगातलं सगळ्यात सोपं काम असावं. खर्ज आला. काचा गुणगुणल्या. रुलाच्या मानेवर काटा आला.

मक्रम कानाशी वाकला. "एक सांगून ठेवतो. रोज सहाला जनरेटरवाला अबू एली एक जनरेटर बंद करून दुसरा लावतो. चार मिनिटं वीज नाही. यांनी रचनाच तशी बांधलीये, बरोबर सहाला हागोप एकटा वाजवणार. अंधारात. आणि मोबाइलचा दिवा कुणी लावायचा नाही, हा यांच्या श्रोत्यांचा नियम."

"अजिबात नाही?"

"लावलात तर दोनशे माणसं तुमच्याकडे वळून बघतील. मी आधीपासूनच बघतोय, ती गोष्ट वेगळी."

रुलाने घड्याळाकडे पाहिलं. पाच अठ्ठेचाळीस. अजून बारा मिनिटं. बारा मिनिटांत मन तयार करता येईल, असं तिने स्वतःला सांगितलं...

खाट्!

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि अंधार. ऑर्गन मधल्याच सुरावर मेला. कुणीतरी किंचाळलं, मग एकदम शांतता पसरली. ती शांतता रुलाला चांगली ओळखीची होती. त्या दिवशीही अशीच होती, अर्ध्या क्षणाची, काचा कोसळण्याआधीची. ती उठली. कडी हाताला लागली. थंड. बाहेर जिना. फक्त दाबायची होती.

"रुला..." मक्रमचा आवाज बारीक झाला होता. "जायचं तर जा. खरंच जा. पण... मी सहाची तयारी करून आलो होतो गं. आत्ताची नाही."

तिने कडीवरचा हात न काढता दुसरा हात मागे केला. त्याची बोटं सापडली. त्यांनी तिचा हात घट्ट धरला, चिकटपट्ट्यांसकट.

"तू पण?"

"दर वेळी. म्हणून तर दाराजवळ बसतो."

रंगमंचावर काठ्या एकमेकींवर वाजल्या. हागोपने आपला भाग आत्ताच सुरू केला होता. हळू, जेमतेम ऐकू येईल असा. कुणीही दिवा लावला नाही.

"किती मात्रा आहेत?" मक्रम कुजबुजला. "माझं नेहमी चुकतं. तू मोज ना, मोठ्याने. नाहीतर मी रडेन, आणि मग माझ्या देखणेपणाचं काय होईल?"

रुलाचे पाय जिन्याकडे ओढत होते. तिने श्वास घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटाने ठोका दिला. "एक, दोन, तीन... सात. परत सात. आता पाच. आणि सम."

"कळलं नाही."

"परत. एक, दोन..."

ड्रम वाढत गेले. जमीन हलू लागली. दोनदा रुलाचा श्वास अडकला, दोनदा मोजणी तुटली. दोन्ही वेळा त्याने तिच्या तळव्यावर चुकीचा आकडा वाजवला, आणि ती रागावून दुरुस्त करायला परत आली.

"सहा नव्हे, सात!"

"बरं, बाई. सात."

कधीतरी तिचा हात कडीवरून निघाला. तो नेमका कधी निघाला, हे तिला कळलं नाही.

दिवे आले तेव्हा हागोप घामाने निथळत होता. मागून कॉफीवाली उम्म नबील आक्रोश करत होती, "माझीच चूक! विजेची किटली लावली मी! डोळे मिटून ऐकत होते, हात आपोआप बटणावर गेला!"

"उम्म नबील, अगं वीस वर्षं इथे कॉफी करतेस!" कुणीतरी ओरडलं. "जनरेटरवर किटली लावतात का?" सभागृह हसलं. ऑर्गनवाल्याने मान डोलावली आणि जो सूर मेला होता, तिथूनच उचलला.

मग खरोखरच सहा वाजले, आणि पुन्हा वीज गेली. हागोपने कपाळावर हात मारून परत काठ्या उचलल्या. रुला घाबरली, पहिल्याइतकीच. पण ती बसून राहिली, आणि मक्रमने यावेळी बरोबर मोजलं.

शेवटचा सूर विझेपर्यंत ती तिथेच होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही रडत होते. रुलाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"गुरुवारी हे जातील," ती म्हणाली.

"हो."

"तू?"

"मी कुठे जाऊ? शहरात अजून खिडक्या बाकी आहेत." त्याचे कान लाल झाले. "आणि... मला अजून नीट मोजता येत नाही. कुणीतरी शिकवायला हवं. रोज. तुला जमेल?"

रुलाने त्याच्याकडे पाहिलं. "भीती वाटतेय."

"मलाही. खूप."

"मग जमेल."

ते बाहेर पडले. सभागृहापासून रुलाच्या घरापर्यंतचं अंतर नऊशे मीटर आहे. त्यांना पोहोचायला एक तास बावन्न मिनिटं लागली.