सात कप्प्यांची डबी

"दिवे पिवळे का दिसतायत?"

एवढं विचारून डायमंड सर मंचावरच कोसळले. समोरच्या दोनशे माणसांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इन्स्पेक्टर बाई हॉटेलच्या सभागृहात पोचल्या तेव्हा सरांना दवाखान्यात हलवलं होतं. पाठोपाठ डॉक्टरांचा फोन आला.

"विषप्रयोग वाटतोय. नाडी चाळीसच्या खाली गेलीय. काय पोटात गेलंय ते कळलं तर उतारा देता येईल. पण तासाभरात कळवा. नंतर सांगून उपयोग नाही."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

मंचावर 'जीवनरसा'च्या अकरा सीलबंद बाटल्या होत्या आणि एक फोडलेली. केसगळतीपासून हृदयविकारापर्यंत सगळं बरं करणारं सरबत. ते विकता विकता माणूस 'डायमंड' पदाला पोचतो, श्रीमंत होतो, असं सर सांगायचे. दर रविवारी एखाद्या नव्या पाहुण्याला मंचावर बोलवायचे, त्याच्या हाताने बाटली फोडून घ्यायचे, ग्लासभर रस गटागट प्यायचे आणि मग तासभर बोलायचे.

"ग्लास कुठाय?" बाईंनी विचारलं.

"धुतलाय, मॅडम," हवालदार म्हणाला. "चकचकीत."

ग्लासाला तिघांचे हात लागले होते. ग्लास आणणारा वेटर, रस ओतणारी पाहुणी आणि ग्लास धुणारा सरांचा उजवा हात.

मंचामागच्या खोलीत बाईंनी टेबल मांडून घेतलं. भिंतीवर एक छापील कागद डकवला होता. 'नव्या माणसाशी बोलताना: पहिल्या भेटीत कंपनीचं नाव सांगू नका. त्याच्यात काहीतरी वेगळं दिसलं, असं म्हणा. तो जसा बसेल तसे बसा, तो करेल ते हळूच करा. तुम्ही त्याला आपले वाटाल.'

आधी वेटर आला. हात मांडीवर ठेवून ताठ बसला.

"ग्लास स्वच्छ होता?"

"पुसून दिला होता, मॅडम."

"सरांशी काही वाकडं?"

"छे! मला म्हणाले, स्वतःचा मालक होशील का? मी म्हटलं, आधी शिफ्ट तर संपू द्या."

बाईंनी कानाची पाळी ओढली. विचार करताना त्यांची ती सवयच होती. वेटर तसाच ताठ बसून राहिला.

मग उजवा हात आला. सूट घातलेला, घामाने डबडबलेला.

"ग्लास का धुतलात?"

"दर वेळी लगेच धुतो. रसात रंग आणि साखर सोडून काही नसतं. कुणी तपासायला नेला तर पंचाईत."

"सकाळी सरांशी भांडलात म्हणे."

"भांडलो. पण भांडण झालं म्हणून कुणी माणूस मारतं का?"

बाईंनी कान ओढला. क्षणभराने त्याचाही हात कानाकडे गेला.

"पाहुणीला कुणी आणलं?"

"मीच. काल किराणा दुकानात दिसली. म्हटलं, तुमच्यात काहीतरी वेगळं दिसतंय, एका कामाबद्दल बोलायचंय. पण..." तो घुटमळला. "कसलं काम, असं सगळे विचारतात. हिने फक्त विचारलं, किती वाजता येऊ?"

तो बाहेर जाताच हवालदार कुजबुजला, "मॅडम, हाच आहे. घालू का गाडीत?"

"घाई नको. पाहुणीला बोलव."

पाहुणी एका वाचनालयात ग्रंथपाल होती. चाळिशीची, शांत. तिच्या पर्समध्ये किल्ल्या, चष्मा आणि गोळ्या ठेवायची प्लॅस्टिकची डबी निघाली. आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे, सगळे रिकामे.

"तुम्हाला कसला आजार?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग ही डबी?"

"सवयीने बाळगते."

"घरी कोण असतं?"

"मी एकटीच. आता."

"मंचावर तुम्हीच का गेलात?"

"त्यांनी विचारलं, नवीन कोण येतंय? मी हात वर केला. मी त्यांचं काय वाईट करणार, मॅडम? कालपर्यंत कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं."

बाई मागे रेलल्या. पाहुणी मागे रेलली. बाईंनी कान ओढला. पाहुणीने कान ओढला.

बाई विज्ञान शिकलेल्या होत्या. एकदा घडलं तर योगायोग म्हणायचं, पुन्हा घडलं की तपासून बघायचं. त्यांनी सावकाश मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

तीन श्वास गेले. पाहुणीने आपलं घड्याळ काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

मग तिने त्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"समोरचा करेल ते करणं आपोआप येत नाही," बाई म्हणाल्या. "वेटरला येत नाही. उजव्या हाताला येतं, कारण तो शिकलाय. तुम्ही तर आज पहिल्यांदा आलात. कुणाकडून शिकलात?"

पाहुणीने नजर डबीकडे वळवली.

"मी सांगते. घरी कुणीतरी सराव करत असणार आणि समोर तुम्हाला बसवत असणार. ही डबी त्याच माणसाची. दुकानातही तुम्ही सावज बनून उभ्या राहिलात, म्हणून काम कसलं ते विचारलं नाहीत. ते तुम्हाला पाठ होतं. गोळ्यांची पूड मुठीत घेऊन मंचावर गेलात आणि रस ओतताना ग्लासात टाकलीत. ग्लास दर वेळी धुतला जातो, हेही घरीच ऐकलं असेल."

"ताई," पाहुणी हळूच म्हणाली. "थोरली बहीण. जेवणाच्या टेबलावर रोज तासभर सराव चालायचा. एकदा ती पाहुणी, एकदा मी. सर म्हणाले, जीवनरस घेताय ना, मग गोळ्या बंद करा. तिने केल्या. शेवटच्या दिवशी धाप लागली तेव्हा तिने फोन कुणाला केला माहितीये? त्यांना. ते म्हणाले, शरीरातलं विष बाहेर पडतंय, थोडं सोसा."

"कसल्या गोळ्या होत्या? एक वाजून पाच मिनिटांच्या आत कळलं तरच सर वाचतील."

तिने पालथं घड्याळ उलटून पाहिलं. "बारा पन्नास. मला अजून पंधरा मिनिटं गप्प बसायचंय. मॅडम, आता त्यांनी थोडं सोसावं."

"गप्प बसा. तुमची डबी बोलेल." बाईंनी फोन लावला. "डॉक्टर, आजारी बाईने बंद केलेल्या गोळ्या. बंद केल्यावर धाप लागून गेली. यांची नाडी मंद, आणि दिवे पिवळे दिसत होते."

पलीकडून लगेच उत्तर आलं. "हृदयाच्या गोळ्या! त्या जास्त झाल्या की सगळं पिवळं दिसतं. उतारा आहे आमच्याकडे. सुरू करतो."

बाईंनी डबी हवालदाराच्या हातात दिली. कप्प्यांच्या कोपऱ्यांत पांढरी पूड चिकटली होती. "पळ. खात्री करायला त्यांना ही लागेल."

पाऊण तासाने फोन आला. सर वाचणार होते. पण हृदयाला धक्का बसला होता. आता जन्मभर रोज गोळ्या. एक दिवसही चुकवून चालणार नाही.

बाईंनी ते पाहुणीला सांगितलं आणि नकळत कान ओढला.

पाहुणीचे हात मांडीवरून हलले नाहीत. ती पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू खास तिचं स्वतःचं होतं.

"तपासणी झाली की ती डबी त्यांनाच द्या," ती म्हणाली. "सातही कप्पे शाबूत आहेत."