पालथा ठेवलेला फोटो

"डाक्टर भाऊ, तुमी तो फोटो पाह्यला का?"

दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलच्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि जैबुनबी अनवाणी आली होती.

गुलाबसिंग राठोड नुकतेच जेवून खाटेवर टेकले होते. तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात बैल तपासले, कोंबड्यांना लसी टोचल्या, म्हणून ते गावाचे 'डाक्टर'. निवृत्त झाल्यावर गावानं त्यांना तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष केलं. तेव्हापासून बांधाचे, सांडपाण्याचे, शेळी पिकात शिरल्याचे सगळे तंटे त्यांच्याच गळ्यात.

"पाह्यला म्हणजे, लिफाफ्यातून काढला अन् पालथा ठेवला," ते उठून बसत म्हणाले. "लोकाच्या सुनेचा तसला फोटो, भाभी. टक लावून कसा पाहू?"

"मंग माह्या पोराले कायच्यावरून कान धरून उभं केलं?"

जैबुनबी उत्तरासाठी थांबली नाही.

सकाळी दहा वाजता पारावर जे झालं, ते इतकं झटपट झालं होतं की त्यांना स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली होती. बबनराव गावंडे लिफाफा घेऊन आले. पहाटे दाराच्या फटीत सापडला म्हणाले. आत त्यांच्या सुनेचा, निकिताचा, मागच्या अंगणातला फोटो. वरून काढलेला. आणि गावात वरून फोटो काढू शकणारा माणूस एकच: शेजारचा अफरोज, जैबुनबीचा पोरगा. बाप युनूसबरोबर तो विहिरीवरच्या मोटारी बांधायचा आणि हौसेपायी घेतलेला जुना ड्रोन रविवारी संध्याकाळी शेतांवर उडवायचा. त्या ड्रोनवरून दोन घरांत दिवाळीपासून धुसफूस होती. बबनराव याआधी दोनदा तक्रार घेऊन आले होते. दोन्ही वेळा गुलाबसिंगांनी एकच सांगितलं होतं, "पुरावा आणा."

आता पुरावा आला. समितीच्या पाच जणांनी तो तापल्या तव्यासारखा एकमेकांकडे सरकवला. बबनरावांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे काळं दिसते ना? त्याच्या मशीनचं पातं आहे हे." सगळ्यांनी भलतीकडे बघत माना डोलावल्या.

"त्याइच्या आंगनावर उडवलं का तू?" गुलाबसिंगांनी अफरोजला विचारलं.

"एकदा गेलतं..." तो एवढंच म्हणाला.

तेवढं पुरलं. मारुतीच्या पारावर, भर बाजारात, अफरोज अर्धा तास कान धरून उभा राहिला. ड्रोन पिशवीत घालून गुलाबसिंगांनी ताब्यात घेतला. बबनराव तेवढ्यावर थांबणार नव्हते. उद्या सकाळी दहाला दारव्ह्याच्या ठाण्यात रिपोर्ट द्यायचा, असं त्यांनी जाहीर केलं. बाईच्या फोटोची केस एकदा नावावर लागली की तेवीस वर्षांच्या पोराचं पुढं काय होतं, हे काय कोणाला सांगायला हवं?

जैबुनबी गेल्यावर गुलाबसिंगांनी दार लोटलं, फाइलीतून लिफाफा काढला आणि फोटो पहिल्यांदा सुलटा करून बघितला.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बघितला.

निकिता न्हाणीसमोर उभी. अंगावर परकर-पोलकं, ओले केस पुढे घेऊन ती पंच्यानं झटकत होती. मागे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग. बाजूला खाट, तिच्यावर वाळत घातलेल्या मुगवड्या. मोकळ्या जागेत एक कोंबडी आणि तिची सात पिल्लं कण्या टिपत होती. डाव्या कोपऱ्यात खाली तो काळा, गोलसर तुकडा.

काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. त्यांनी पिशवीतून ड्रोन काढून टेबलावर ठेवला. अंग पांढरं, चारही पाती पांढरी. काळं त्यात काही नव्हतंच.

सकाळी हा ड्रोन त्यांच्याच हातात होता. फोटोही तिथंच होता. दोन्ही शेजारी ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

युनूसच्या दुकानात अफरोज मोटारीवर तार गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"एकदा गेलतं म्हणालास. कधी?"

"दिवाळीत, काका. हवा जोराची होती. सिग्नल सुटला अन् त्याइच्या आंगनावर गेलं. वहिनी भांडे घासत होत्या. त्याइनं झटकन वर पाह्यलं अन् घरात पळाल्या. मी लगेच खाली घेतलं. तवापासून तिकडे नेलंच नाही."

"हे सकाळी काहून नाही सांगतलं?"

"बाईमाणसाची गोष्ट. चार लोकात तोंड उघडायची लाज वाटली." तार त्याच्या हातून सुटली. "अन् एकदा तं गेलंच होतं ना."

गुलाबसिंग तिथून बबनरावांच्या घरी गेले. फाटकावर कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. कापूस वेचून घरात आणला त्या वर्षी चोरीच्या भीतीनं बसवलेला. बबनराव ओसरीवरच होते.

"लिफाफा किती वाजता सापडला, भाऊ?"

"सहाले. दार उघडलं अन् खाली पडलेला."

"मंग ठेवणारा कॅमेऱ्यात आला असन."

"तो बंद आहे. महिना झाला, बिघडला."

गुलाबसिंगांनी फाटकाकडे बघितलं नाही. "जरा सुनेले दोन गोष्टी विचारतो. तुमी बसा."

"तिले काय विचारता? आधीच बिचारी रडून राह्यली."

"रिपोर्टमंधी तिचंच बयान लागते," गुलाबसिंग म्हणाले आणि मागे गेले.

निकिता रडत नव्हती. ती वड्या गोळा करत होती. तिचा नवरा रजत राजूरला कोळशाच्या खाणीत, आठ दिवसांतून एकदा घरी येणारा. सासू कधीच वारलेली. सकाळपासून तिच्या फोटोबद्दल अख्खं गाव बोललं होतं. तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

"बेटा, तू फोटो पाह्यला का?"

"मले कोणी दाखवला?"

गुलाबसिंगांनी चाचरत लिफाफा पुढे केला. तिनं फोटो घेतला, बराच वेळ बघितला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"गुरुवारचा आहे," ती म्हणाली. "वड्या मी बुधवारी घातल्या, अन् डोक्यावरून न्हाते गुरुवारी."

"वरून आवाज आलता?"

"आला असता तर अशी उभी राह्यली असती का मी? दिवाळीत आलतं तवा चक्की चालू झाल्यावानी घरघर झाली."

तेवढ्यात स्लॅबच्या काठावरून पाण्याची धार अंगणात कोसळली. "बाई गं, टाकी भरली!" म्हणत निकिता मोटर बंद करायला धावली. गुलाबसिंगांनी वर बघितलं. लोखंडी स्टँडवर काळी, पोट सुटलेली टाकी. तिच्या अंगाला लागून छोटी पांढरी डबी, तिच्यातून निघालेली वायर थेट घरात.

"ते काय आहे, बेटा?"

"मामाजीनं होळीत बसवलं. टाकी भरली की वाजते म्हणे. एकही दिवस वाजलं नाही. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणे, तू त्याच्या वाटेले नको जाऊ."

निकिता फोटोत जिथं उभी होती, तिथं गुलाबसिंग जाऊन उभे राहिले. खाट डाव्या हाताला, न्हाणी मागे. समोर, वर, टाकी.

पाच वाजता त्यांनी समितीला त्याच अंगणात बोलावलं. अफरोज आला, त्याच्यामागे जैबुनबी. बबनरावांनी आरडाओरडा केला.

"याले माह्या घरात घेता? लाज नाही वाटत?"

"वाटते," गुलाबसिंग म्हणाले. "दुपारपासून तेच करून राह्यलो." मग त्यांनी निकिताला मूठभर कण्या टाकायला सांगितल्या.

कोंबडी आली. पिल्लं आली. टिपू लागली.

"उडव," पिशवीतला ड्रोन अफरोजच्या हातात देत ते म्हणाले. "घराच्या उंचीइतकंच."

अफरोजनं आधी आईकडे पाहिलं. मग ड्रोन उठला. घरघर भिंतीवरून अंगणात आली, जमिनीवरून सावली सरकली, आणि कोंबडी अशी केकाटली की समितीतला एक जण दचकून मागे झाला. सातही पिल्लं खाटेखाली. कोंबडी पंख पसरून त्यांच्यावर. निकिताचा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"उतरव." गुलाबसिंगांनी फोटो सगळ्यांपुढे धरला. "आता पाहा. नीट पाहा. सकाळी आपण कोणीच पाह्यला नाही. या फोटोतली कोंबडी काय करून राह्यली?"

"कण्या खाऊन राह्यली," एक जण पुटपुटला.

"अन् पिल्लं उघड्यावर. मी जनमभर कोंबड्याइचं केलं. वर घार दिसली की कोंबडी पहिले पिल्लं झाकते. हे मशीन तिच्यासाठी घारच. वर ते असतं, तर हा फोटो असा आलाच नसता. निकितानंही मान वर नाही केली, कारण आवाजच नव्हता. हा फोटो ड्रोननं काढलाच नाही."

"मंग ते काळं पातं?" बबनराव म्हणाले.

"अफरोजच्या मशीनची पाती पांढरी आहेत. काळं काय आहे ते तुमी वर पाहा." गुलाबसिंगांनी टाकीकडे बोट केलं. "टाकीचं पोट आहे ते. तिले लागून जी डबी आहे, ती टाकी भरली तरी वाजत नाही. वाजणार कशी? कॅमेरा आहे तो. फाटकावरचाही चालू आहे, बंद आहे म्हणून तुमी मले सांगतलं. कारण त्यात पहाटे लिफाफा ठेवणारा कोणीच दिसणार नव्हता. लिफाफा बाहेरून आलाच नाही, भाऊ. तुमच्याच घरातून निघाला."

बबनराव खाटेच्या काठावर बसले. सत्तरीला आलेला माणूस, गावात ज्याचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं. आता तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"त्याचं मशीन एकदा आलं, पुन्हाही येईन, असं वाटे," ते म्हणाले. "त्याले पकडाले लावला कॅमेरा. नाहीच आलं. मी दोनदा तुमच्याकडे आलो, डाक्टर. लोक हसले मले. तुमीच म्हटलं, पुरावा आणा."

शब्द खरे होते. पुरावा मागितला गुलाबसिंगांनी, आणि आला तेव्हा तो पालथा घातलाही त्यांनीच. आपण सभ्यपणा करतोय असं त्यांना वाटलं होतं.

निकिता पुढे आली. फोटो तिनं गुलाबसिंगांच्या हातातून घेतला.

"होळीपासून, मामाजी?"

बबनरावांनी मान हलवली.

"तुमच्या मोबाइलवर दिसे?"

"मी आभाळच पाहे, पोरी. देवाशप्पथ. मशीन येते का, तेवढंच."

निकितानं फोटो त्यांच्यासमोर धरला. "यात आभाळ कुठं आहे?"

बबनराव त्या फोटोकडे बघू शकले नाहीत. ते खरं बोलत होते की खोटं, हे गुलाबसिंगांना तेव्हाही ठरवता आलं नाही आणि पुढेही नाही.

"अफरोजभाऊ," निकिता म्हणाली, "ते वरचं काढून देता का?"

अफरोज शिडी चढला. वायर तुटल्याचा बारीक आवाज खालीही ऐकू आला.

गुलाबसिंग हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, उद्याचा रिपोर्ट तं टळला. पण हे पारावर सांगतल्याबिगर अफरोजचा डाग जात नाही. अन् सांगतलं, तर पुन्हा तुह्या नावाचा बोभाटा. तू म्हणशीन तसं."

"सकाळी माह्या नावानं सगळं झालं, तवा कोणी विचारलं मले?" ती म्हणाली. "सांगा. नाव घेऊनच सांगा. मी येते तिथं."

सहा वाजता पारासमोर दारव्ह्याची बस नुकतीच रिकामी झाली होती. लोक पिशव्यांसकट थांबले. गुलाबसिंगांनी सगळं सांगितलं. कॅमेरा कोणाचा, फोटो कोणी काढला, आणि न बघता निवाडा कोणी दिला. शेवटच्या वाक्याला त्यांची जीभ अडखळली, पण त्यांनी ते गिळलं नाही. मग सकाळी अफरोज जिथं उभा होता त्याच फरशीवर ते गेले आणि त्यांनी दोन्ही कान धरले.

कोणी हसलं नाही. निकिता समोर उभी होती, मान ताठ. चार-दोन माणसांनी तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच नजर वळवली.

अफरोज गडबडून पुढे झाला. "राहू द्या ना, काका. तुमी मोठे आहा."

जैबुनबीनं त्याचा दंड धरला.

"अर्धा तास," ती म्हणाली. "तुले अर्धा तास उभं केलं होतं."

गुलाबसिंगांनी मान हलवली आणि कान धरून उभे राहिले.