बॅग उतरवू नका

वजनमापं खात्यात माझी उभी हयात गेली. त्यामुळे काट्यापुढे मी कुणालाच मानत नाही, आणि डोंगरात जातो तोही खिशात ताणकाटा घेऊन. एकटाच जातो, कारण बरोबर आलेल्याची बॅग मी उघडून तोलतो आणि तो पुन्हा म्हणून फिरकत नाही. टूथब्रशचा दांडा कापणारा माणूस म्हणून सासरी माझी पुरेशी थट्टा झालेली आहे.

या वेळी बायकोने अट घातली होती. डॉक्टरांनी माझे गुडघे मोडीतच काढले होते. "एकदा जरी दुखले, तर बॅग कायमची माळ्यावर," असं ती म्हणाली. डोंगर सुटला तर मी घरात बसून काय तिच्या डब्यांची वजनं करणार? ती धास्ती तिलाही असावी, म्हणून तर जाऊ दिलं.

वाटेत तीन तळी होती. पहिल्या तळ्याच्या चढावर गुडघे असे कोकलले की डोळ्यांत पाणी आलं. आता संपलंच सगळं, या विचाराने मी तळ्याचं पाणी ओंजळीने ढसाढसा प्यालो. पुढच्या खिंडीत बॅग हलकी लागली. काही विसरलो की काय म्हणून सगळी उपसली, तर सगळं जागच्या जागी. काट्याला लावली, तर वजन घरून निघताना होतं तेवढंच. काटा मीच तपासलेला, त्याला खोटं म्हणायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या तळ्याचं पाणी प्यालो आणि गुडघे गप्पच झाले. मी चक्क शीळ घातली. पुढची घळ म्हणजे नुसते सुटे दगड, पण पायाखाली एकही घरंगळेना. बर्फाच्या पट्ट्यावर मागे वळून पाहिलं, तर पाऊल उमटलेलं नाही. बर्फ कडक असेल, म्हटलं. काठी टेकवली, ती सहज आत गेली. मी काठी पुसली आणि विषय तिथेच सोडला.

तिसऱ्या तळ्याकाठी एक बाई बसल्या होत्या, नातवाला घ्यावं तसा मांडीवर भलामोठा धोंडा घेऊन. शेजारी कुणाची तरी बॅग पडली होती. डोंगरात एकेक नग भेटतात! मी बसायला म्हणून पट्टा सोडू लागलो.

"उतरवू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "आमच्या ह्यांनी उतरवली."

मी पट्टा पुन्हा आवळला. झोपलोही बॅगेसकट. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने डोळे वटारले, तरी पाठीवरून काढली नाही.

दार उघडताच बायकोने विचारलं, "दुखले?"

"एकदाही नाही," मी ठोकून दिलं. ऊर नुसता भरून आला होता. डोंगर माझाच राहिला होता, आणि आपल्या घरात कसली आलीय भीती? त्याच भरात बॅग खाली ठेवली.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

मग माझं मनगट धरलं, दोन्ही हातांनी.

मला तसंच धरून ती भिंतीपाशी गेली आणि कोपराने तिने आधी छताचा पंखा बंद केला.